पाताळाचे प्रवासी : एदुआर मार्तेल

गेल्या हिवाळ्यात आम्ही वरच्या वर्गांतील मुलांसमवेत कर्जतजवळील कोंडाण्याची लेणी पाहावयास गेलो असता एका विद्यार्थ्याने प्रश्न केला की, ही लेणी तर माणसांनी छिन्नीने कोरिली. मग कोणीही न कोरिता झालेल्या मोठमोठ्या गुहा आपल्या डोंगरांत का नाहीत? प्रश्न मार्मिक होता. अंबरनाथ-बदलापूरकडील काळा पाषाण म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हारस होय. तो पावसाच्या पाण्यात विरघळत नाही. चुनखडीचा दगड मात्र विरघळतो. पावसाचे पाणी हवेतील व मातीतील कार्बनिक वायू शोषून किंचित आंबट होते, चुनखडीच्या भेगांत शिरते, आणि लक्षावधी वर्षांत त्या भेगांचे बोगदे व बोगद्यांची दालने करिते. अशा पाताळाचा ठाव घेण्यात ज्यांनी आयुष्य वेचिले, त्या फ्रेंच गृहस्थांचे हे अल्प चरित्र आहे.

एदुआर-आल्फ्रेद मार्तेल ह्यांचा जन्म १ जुलै १८५९ रोजी पॅरिसजवळच्या पोंत्वाज गावी कायदेपंडितांच्या घराण्यात झाला. सातव्या वर्षी आईबापांबरोबर त्यांनी पिरेनीज पर्वतातील गार्गासची गुहा पाहिली, आणि तो छंद त्यांस जन्मभर सुटला नाही. घराण्याच्या रीतीप्रमाणे कायद्याची पदवी घेऊन ते पॅरिसच्या व्यापारी न्यायालयात काम करू लागले. परंतु सुटी लागताच वकिलीचा झगा खुंटीस टांगून हे गृहस्थ दोर, शिड्या व मेणबत्त्या घेऊन दक्षिणेतील चुनखडीच्या पठारांची वाट धरीत.

जून १८८८ मध्ये ब्रामाब्यो येथे बोनर नदी जेथे जमिनीत गडप होते तेथून आत शिरून ती जेथे कड्यातून पुन्हा उसळते तेथे ते बाहेर पडले. पुढल्याच वर्षी पादिराकच्या ७५ मीटर खोल विवरात ते दोरशिडीने उतरले. तो सैतानाचा खड्डा आहे अशी लोकसमजूत होती; सैतान काही भेटला नाही, तळाशी नितळ नदी मात्र वाहत होती. घडीची कापडी होडी टाकून त्यांनी तिचा माग काढिला. ह्या साहसांत त्यांचा उजवा हात म्हणजे लुई आर्मां नावाचा एक खेड्यातील लोहार. १८९७ साली आर्मांच्या नजरेस पडलेल्या एका विवरात सुमारे ३० मीटर उंचीपर्यंत वाढलेले चुन्याचे स्तंभ आढळले; मार्तेल ह्यांनी त्या गुहेस आपले नाव न देता त्या लोहाराचे नाव दिले. आम्हांस ही गोष्ट त्यांच्या सर्व पराक्रमांहून मोठी वाटते.

१८९५ मध्ये त्यांनी इंग्लंडातील गेपिंग गिल हे शंभर मीटरांच्या आसपास खोल विवर, अंगावर धबधबा घेत, प्रथमच उतरून दाखविले. त्याच वर्षी गुहाशास्त्राची संस्थाही स्थापिली.

परंतु त्यांचे खरे लोकोपयोगी कार्य एका आजारातून निघाले. १८९१ साली लोत प्रांतातील बेरी येथे ते एका झऱ्याचे पाणी प्याले. पाणी स्फटिकासारखे स्वच्छ होते, तरी ते बरेच आजारी पडले. शोध करिता जवळच्या विवरात एक मेलेले वासरू कुजत असलेले आढळले. पावसाचे पाणी त्यावरून वाहून थेट झऱ्यास मिळत होते. दगडातून आलेले पाणी शुद्ध, असा तोवर सर्वांचा समज. वाळूमातीतून पाणी झिरपते तेव्हा ते गाळले जाते. चुनखडीत मात्र ते नळातून धावावे तसे धावते आणि डोळ्यांस न दिसणारे जंतू जसेच्या तसे खाली नेते. लोक वर विवरांत मेलेली जनावरे टाकीत आणि खाली तेच पाणी पीत. विषमज्वराची साथ आली म्हणजे दैवास बोल लावीत. मार्तेल ह्यांनी पाण्यात रंग सोडून ते कोणत्या झऱ्यात निघते हे दाखविले आणि वर्षानुवर्षे सरकारच्या पाठीस लागले. अखेर १५ फेब्रुवारी १९०२ च्या सार्वजनिक आरोग्याच्या कायद्याने विवरांत जनावरांची प्रेते टाकण्यास मनाई झाली.

आमचा दगड विरघळत नसला तरी त्यास भेगा आहेत, आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर दोनच दिवसांत आमच्या आळीतील विहीर गढूळ होते, हे आम्ही दरवर्षी पाहतो. पालकांनी विहिरीच्या वरच्या अंगास काय टाकिले जाते तेवढे एकदा पाहून यावे.

गुहांतील सर्वच सूक्ष्म जीव असे बाहेरून आलेले नसतात. मार्तेल ह्यांचे सहकारी आर्मां विरे ह्यांनी १८९७ साली पॅरिसच्या भूमिगत खाणींत प्रयोगशाळा मांडून अंधारातील आंधळ्या प्राण्यांचा अभ्यास आरंभिला. पुढे १९८६ मध्ये रुमानियात मोविले नावाची, बाहेरच्या जगापासून तुटलेली गुहा उघडकीस आली. तेथे सूर्यप्रकाशाचा किरणही नसता पाण्यावर जंतूंची साय धरलेली होती. हे जंतू गंधकयुक्त वायूपासून आपले अन्न सिद्ध करितात, आणि त्यांच्या आधारावर गोगलगायी व जळवाही जगतात.

हे पाहण्यास मार्तेल नव्हते. ३ जून १९३८ रोजी, वयाच्या ७८व्या वर्षी त्यांचे देहावसान झाले. पादिराकच्या ज्या नदीत त्यांनी कापडी होडी घातली, तेथे आता प्रवासी रांग लावून नावेत बसतात.