विश्लेषण : ‘एनर्जी’ला जुळणारा ‘एन्ट्रॉपी’ हा शब्द कुणी आणि का घडवला?

फ्रिजपासून औष्णिक वीज केंद्रापर्यंत, उष्णतेशी संबंधित यंत्रांच्या गणितात ‘एनर्जी’ आणि ‘एन्ट्रॉपी’ या दोन संज्ञा हमखास येतात. कानाला सारख्या, अर्थाने वेगळ्या. हे साम्य योगायोगाचे नाही. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ रुडॉल्फ क्लॉसियस यांनी ते ठरवून साधले होते.

क्लॉसियस कोण होते?

२ जानेवारी १८२२ रोजी प्रशियातील क्योस्लिन (आता पोलंडमधील कोशालिन) येथे त्यांचा जन्म झाला. शिक्षण बर्लिन विद्यापीठात झाले. १८५० मधील निबंधाने त्यांचे नाव झाले. उष्णता थंड वस्तूकडून गरम वस्तूकडे आपोआप जात नाही, हे तत्त्व त्यांनी पायाभूत मानले. पुढे झुरिच, वुर्झबर्ग आणि १८६९ पासून बॉन येथे ते प्राध्यापक होते.

नव्या शब्दाची गरज का पडली?

त्या काळी जर्मनमध्ये ‘क्राफ्ट’ हा एकच शब्द बल आणि ऊर्जा या दोन्हींसाठी वापरला जाई. क्लॉसियस यांना उष्णता भागिले निरपेक्ष तापमान या राशीसाठी नाव हवे होते. १८५४ मध्ये त्यांनी ‘रूपांतराचे तुल्यमूल्य’ अशा अर्थाची लांबलचक संज्ञा वापरली. १८६५ मध्ये ग्रीक ‘त्रोपे’, म्हणजे रूपांतर, यावरून ‘एन्ट्रॉपी’ शब्द घडवला. दोन्ही राशी जवळच्या, म्हणून नावेही जुळती. फरक असा, की विश्वातील ऊर्जा कायम राहते, तर एन्ट्रॉपी वाढत जाते.

गोंधळ कशामुळे झाला?

स्कॉटलंडचे पीटर टेट यांनी १८६८ मधील पुस्तकात हाच शब्द उलट अर्थाने, म्हणजे कामासाठी उपलब्ध असलेल्या ऊर्जेसाठी वापरला. १८७१ मध्ये मॅक्सवेल यांनीही त्यांचेच अनुकरण केले. परिणामी एकाच बदलात एका पुस्तकानुसार एन्ट्रॉपी वाढायची, तर दुसऱ्यानुसार घटायची. अमेरिकेचे गिब्ज यांनी १८७३ मध्ये क्लॉसियस यांचाच अर्थ घेतला. मॅक्सवेल यांनीही नंतरच्या आवृत्तीत दुरुस्ती केली.

पुढे काय झाले?

१८७०च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात विद्यार्थ्यांचे रुग्णसेवा पथक घेऊन गेलेल्या क्लॉसियस यांच्या गुडघ्याला जखम झाली. १८७५ मध्ये पत्नीचे निधन झाले आणि मुलांची जबाबदारी त्यांच्यावर आली. १८७९ मध्ये रॉयल सोसायटीने त्यांना कोप्ली पदक दिले. २४ ऑगस्ट १८८८ रोजी बॉन येथे त्यांचे निधन झाले. सर्व भाषांत एकच संज्ञा चालावी म्हणून त्यांनी प्राचीन ग्रीकचा आधार घेतला होता. मराठीतही ऊर्जेला स्वतःचा शब्द मिळाला, पण एन्ट्रॉपी वर्गात ‘एन्ट्रॉपी’च राहिली.