जंतू औषधाला जुमानत नाहीत, तेव्हा काय करायचं? पॉल एर्लिकने १९१३ सालीच सांगून ठेवलं होतं

आज आफ्रिकेतल्या एखाद्या लहान मुलाला मलेरिया झाला, तर त्याला एक नाही, दोन औषधं एकत्र दिली जातात. यामागचा विचार मात्र शंभर वर्षांहून जुना आहे. तो मांडला पॉल एर्लिकने.

एर्लिकचा जन्म १४ मार्च १८५४ चा, प्रशियातल्या स्ट्रेलेनचा. हे गाव आता पोलंडमध्ये आहे. डॉक्टरकी शिकताना त्याला नाद लागला तो रंगांचा. कापड रंगवायचे रंग तो पेशींवर टाकून बघायचा. काही रंग ठराविक पेशींनाच चिकटतात, हे त्याच्या लक्षात आलं. मग डोक्यात आलं, की रंग फक्त जंतूलाच चिकटला आणि त्यालाच मारलं तर?

मलेरियाचे जंतू मिथिलीन ब्लू हा निळा रंग शोषून घेतात. १८९१ मध्ये बर्लिनमध्ये एर्लिक आणि पॉल गुटमन यांनी तो मलेरियाच्या दोन पेशंटना दिला. दोघंही बरे झाले.

पुढे फ्रँकफर्टमध्ये तो झोपेच्या आजाराच्या जंतूंवर उंदरांमध्ये प्रयोग करत होता. तिथे गडबड दिसली. औषध दिलं की जंतू गायब व्हायचे, पण काही दिवसांनी परतायचे. असं होता होता तेच औषध चालेनासं झालं. जंतूंच्या पुढच्या पिढ्याही त्या औषधाला दाद देईनात. दुसऱ्या प्रकारचं औषध मात्र त्यांच्यावर चालायचं.

दरम्यान १९०८ चं नोबेल मिळालं, १९१० मध्ये सिफिलिसवरचं सॅल्व्हरसान बाजारात आलं. १९१३ साली लंडनच्या वैद्यकीय परिषदेत एर्लिकने उपाय मांडला. जंतूवर एकाच वेळी वेगवेगळ्या बाजूंनी हल्ला करायचा, म्हणजे त्याला निसटायला जागा उरत नाही. दोनच वर्षांनी, २० ऑगस्ट १९१५ ला तो गेला.

मलेरियाच्या बाबतीत जग हा धडा विसरलं. क्लोरोक्वीन हे एकच औषध सगळीकडे वापरलं गेलं. १९५० च्या दशकाच्या शेवटी जंतू त्याला पुरून उरायला लागले. हे जंतू आफ्रिकेत पसरले, औषध निकामी होत गेलं आणि त्याची सगळ्यात मोठी किंमत पाच वर्षांखालच्या मुलांनी मोजली.

अखेर २००१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जोड औषधांची शिफारस केली. आर्टेमेथर आणि ल्युमेफँट्रिनची जोडी बघा. पहिलं औषध झपाट्याने जंतू मारतं आणि लवकर शरीराबाहेर जातं. दुसरं बरेच दिवस रक्तात राहून उरलेले जंतू संपवतं. तीन दिवसांत सहा डोस, तेही मुलाच्या वजनाप्रमाणे. ताप उतरला म्हणून मध्येच थांबायचं नाही, कारण उरलेले जंतूच पुन्हा डोकं वर काढतात.

हेच एर्लिकला उंदरांमध्ये दिसलं होतं.