रेनिअर द ग्राफ : बीजाच्या घरालाच बीज समजणारा शास्त्रज्ञ

मूल होण्यासाठी उपचार घेताना सोनोग्राफीत ‘फॉलिकल’ किती मिलिमीटरचे झाले, ते पाहिले जाते. पडद्यावर दिसते ते स्त्रीबीज नसते, तर बीज सांभाळणारी द्रवाने भरलेली पिशवी, म्हणजे पुटक असते. पूर्ण वाढलेल्या पुटकाला ‘ग्राफियन पुटक’ म्हणतात. हे नाव रेनिअर द ग्राफ या डच वैद्यावरून पडले.

त्यांचा जन्म 1641 साली नेदरलँड्समधील स्कूनहोवन येथे झाला. लायडनला शिकून त्यांनी फ्रान्समधील आँजे येथे पदवी घेतली आणि डेल्फ्ट शहरात वैद्यकी सुरू केली.

सस्तन प्राण्यांतील मादीच्याही अंडाशयात अंडी असतात, हे त्यांनी 1672 च्या ग्रंथात मांडले. पुरावा सशांचा होता. समागमानंतर ठरावीक दिवसांनी मादी ससे तपासले, तेव्हा अंडाशयातील जितकी पुटके फुटली होती, साधारण तितकेच गोल कण पुढे नलिकेत व गर्भाशयात सापडले. अडचण एकच होती : हे कण पुटकांपेक्षा फारच लहान होते. ग्राफ मात्र पुटकालाच अंडे समजत होते.

ग्रंथ येताच जुने सहाध्यायी यान स्वामरडॅम यांनी शोधाच्या श्रेयावरून वाद घातला. वाद लंडनच्या रॉयल सोसायटीपर्यंत गेला. त्याच धामधुमीत, 1673 साली, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी ग्राफ वारले. त्याच वर्षी त्यांनी आपल्या गावच्या एका कापड व्यापाऱ्याची सूक्ष्मदर्शकातील निरीक्षणे सोसायटीला कळवली होती. तो व्यापारी म्हणजे लेवेनहूक.

खरे बीज 1827 साली कार्ल फॉन बेअर यांना कुत्रीच्या पुटकात सापडले. मानवी बीज मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढे असते, तर पक्व पुटक सुमारे 20 मिलिमीटरचे.

मग उरलेले पुटक कशासाठी? बीजाभोवतीच्या ग्रॅन्युलोसा पेशी त्याला पोषण पुरवतात. बाहेरच्या थीका पेशी अँड्रोजेन बनवतात आणि ग्रॅन्युलोसा पेशी त्यापासून इस्ट्रोजेन तयार करतात. बीज बाहेर पडल्यावर याच पेशींचा पीतपिंड होतो आणि तो प्रोजेस्टेरॉन देऊन गर्भाशय सज्ज ठेवतो. हा पीतपिंडही ग्राफ यांनी नोंदवला होता. बीज त्यांना ओळखता आले नाही, पण बीजाला वाढवणाऱ्या घराला आजही त्यांचेच नाव आहे.