रसायनशास्त्रास चिनी नांवें देणारा श्यू शौ

चीन देशांत वूशी येथें इ. स. १८१८ मध्यें श्यू शौ जन्मला. बाळपणींच तो पित्याला अंतरला. सरकारी परीक्षा देऊन अधिकार मिळविणें हा तेथील हुशार मुलांचा राजमार्ग. पण त्या परीक्षांतील ठराविक निबंधांचा व्यवहारांत उपयोग नाहीं असें वाटून त्यानें तो सोडला. यंत्रें व पदार्थविज्ञान यांचाच त्याला ध्यास. प्रकाशाचे सात रंग पाहण्यास लागणारी त्रिकोणी कांच कोठें विकत मिळेना, तेव्हां त्यानें आपली स्फटिकाची मुद्रा घांसून तशी केली व प्रयोग करून पाहिला! पुढें १८६२ त आन्छिंग येथें मित्र ह्वा हंगफांग याच्या साहाय्यानें त्यानें वाफेचें एंजिन तयार केलें.

१८६८ त शांघाय येथील शस्त्रागारांत भाषांतरखातें निघालें. श्यू शौला इंग्रजी येत नसे. जॉन फ्रायर नांवाच्या इंग्रजानें पुस्तकांतील मजकूर चिनी भाषेंत तोंडीं सांगावा व ह्यानें तो ग्रांथिक भाषेंत उतरावा, असा क्रम असे. रसायनशास्त्राचें पुस्तक हातीं घेतलें आणि अडचण उभी राहिली. सोनें, तांबें, लोखंड यांचीं चिनी नांवें पुरातन आहेत. पण मॅग्नेशियमला काय म्हणावें? त्या लिपींत एकेक चिन्ह म्हणजे एकेक उच्चारखंड, व बहुधा त्याला अर्थही असतो. लांबलचक परकी नांव लिहूं जावें तर अर्थपूर्ण चिन्हांची निरर्थक माळ व्हावयाची. मग संयुगें लिहावींत तरी कशीं?

तोड अशी निघाली. परक्या नांवांतील एकच उच्चार घ्यावा, त्याचें चिन्ह उजवीकडे मांडावें आणि डावीकडे द्रव्याची जात सांगणारें चिन्ह जोडावें. मॅग्नेशियमसाठीं उजवीकडे 'मेइ' आलें. त्याचा मूळ अर्थ सुंदर; पण येथें अर्थाशीं कर्तव्य नाहीं. डावीकडे 'चिन्', म्हणजे धातु. झिंकचें 'शिन्' तसेंच झालें. आयोडीन धातु नव्हे, म्हणून 'द्येन्' ह्या उच्चारास दगडाचें चिन्ह जोडलें. नांव वाचतांच द्रव्य धातु कीं अधातु हें विद्यार्थ्यास कळावें, इतकी सोय आपल्या पुस्तकांतील नांवांतही नाहीं! वायूंचीं प्रचारांतील नांवें मात्र राहिलीं. ऑक्सिजनास पोषण करणारा वायु म्हणत, आपल्या प्राणवायूसारखेंच.

पुस्तक १८७१ त निघालें. त्याच सुमारास पेकिंग येथील भाषांतरकारांनीं द्रव्यांचे गुणधर्म दाखविणारीं अवजड चिन्हें घडविलीं. तीं बहुतेक टिकलीं नाहींत. १८८१ त नळ्यांतील ध्वनीविषयींचे श्यू शौचे प्रयोग फ्रायरमार्फत लंडनच्या 'नेचर' पत्रांत आले. १८८४ त शांघाय येथें तो वारला. त्याचें 'मेइ' व 'शिन्' चिनी मुलें अद्याप गिरवितात. डावीकडचें धातूचें चिन्ह तेवढें चीनच्या पाठ्यपुस्तकांत आतां सोपें केलेलें आहे.