कोटितीर्थाकाठचे चित्रकार आबालाल रहिमान

आमच्या मरोळच्या विद्यार्थ्यांस तलावाचे अप्रूप नाही; विहार आणि पवई हे दोन्ही तलाव जवळचेच. परंतु एका तलावाच्या काठी राहून त्याचे पाणी वर्षानुवर्षे रंगांत उतरवीत बसलेला एक थोर चित्रकार कोल्हापुरास होऊन गेला, हे आमच्या वाचकांपैकी थोड्यांसच ठाऊक असेल.

आबालाल ह्यांचे मूळ नाव अब्दुल अझीझ. त्यांच्या घराण्यात पवित्र कुराणाच्या प्रती हाताने लिहून वेलबुट्टीने सजविण्याची परंपरा होती. अशा घरात वाढलेल्या मुलाच्या बोटांस लहानपणीच शिस्त लागावी, ह्यात नवल नाही. पुढे मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेत त्यांचे शिक्षण झाले व १८८८ साली व्हाइसरॉयचे सुवर्णपदक त्यांस मिळाले. एवढा मान पावलेल्या चित्रकारास मुंबईतील धनिकांची तैलचित्रे काढून सुखाने राहता आले असते. आबालाल मात्र कोल्हापुरास परतले आणि कोटितीर्थ तलावाच्या काठी अगदी साधेपणाने राहू लागले.

त्यांचे खरे काम उघड्यावर चाले. रंकाळ्यातील संध्यामठ, पंचगंगेचा घाट, कोटितीर्थावरची झाडे हे त्यांचे आवडते विषय. घरात बसून चित्र काढणाऱ्यास उजेड बेताचा राखता येतो. बाहेर बसणाऱ्याचा सूर्य घटकाभरही थांबत नाही. सावली सरकते, पाण्याचा रंग पालटतो, उन्हाळ्यात पहिला हात दिला नाही तोच कागद वाळतो आणि पावसाळ्यात तो वाळता वाळत नाही. शिवाय बघ्यांची गर्दी असते ती निराळीच! आबालाल ह्यांनी ह्या अडचणीलाच आपला विषय केले. एकच देखावा ते निरनिराळ्या वेळी व निरनिराळ्या ऋतूंत रंगवीत. संध्यामठाचेच पाहा. पावसाळ्यात तो बराचसा पाण्यात बुडतो आणि उन्हाळ्यात उघडा पडतो. म्हणजे इमारत एकच, पण चित्रकारास ती दर ऋतूत नवी.

ते पारदर्शक व अपारदर्शक असे दोन्ही प्रकारचे जलरंग वापरीत. पारदर्शक रंगात उजेड दाखवावयाचा तर कागद तेवढा कोरा सोडावा लागतो, आणि एकदा चुकले की चुकले. अपारदर्शक रंगात गडद छटेवर मागाहून उजळ ठिपका ठेवता येतो. पानांतून झिरपणारे ऊन ह्या दुसऱ्या रीतीने फार सुरेख साधते. बाजारचे रंग न घेता माती, दगड व झाडपाला ह्यांपासून ते स्वतःच रंग करीत, असेही सांगतात.

श्रीशाहू छत्रपतींस १८९४ मध्ये राज्याधिकार मिळाले. गुणी माणसाची पारख असलेल्या ह्या राजाने आबालाल ह्यांस दरबारचे चित्रकार नेमिले. महाराजांच्या शिकारीचे प्रसंग त्यांनी रंगविले. पण दरबारी मानाने त्यांची फकिरी राहणी बदलली नाही. कोल्हापुरातील तरुण चित्रकार त्यांस गुरुस्थानी मानीत.

६ मे १९२२ रोजी महाराज मुंबईस निवर्तले. त्या दुःखाच्या भरात आबालाल ह्यांनी आपली हजारो चित्रे कोटितीर्थाच्या पाण्यात सोडून दिली, अशी कथा कोल्हापुरात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. चित्रांची संख्या सांगणाऱ्यागणिक बदलते, म्हणून आम्ही ती येथे देत नाही. कोणी ह्यास वैराग्य म्हणतात. आम्हांस तसे म्हणवत नाही. आपली चित्रे जाणणारा एकच माणूस होता आणि तो गेला, असे वाटणाऱ्या मनाची ती व्यथा असावी. जे पाणी त्यांनी इतकी वर्षे कागदावर आणले, त्याच पाण्यात ते कागद परत गेले, ही गोष्ट मात्र ऐकणाऱ्याच्या काळजास घरे पाडते.

त्यानंतर ते नऊ वर्षे जगले. २८ डिसेंबर १९३१ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांची काही चित्रे कोल्हापूरच्या टाउन हॉलमधील वस्तुसंग्रहालयात आहेत. अंबाबाईच्या दर्शनास किंवा आप्तांकडे कोल्हापुरास जाणाऱ्या पालकांनी मुलांस तेथे अवश्य न्यावे, आणि त्याच दिवशी सूर्य मावळण्यापूर्वी रंकाळ्यावर जाऊन संध्यामठही दाखवावा.