गव्हाची कुळकथा उलगडणारे किहारा

पुण्या-मुंबईच्या बाजारात गेल्या काही वर्षांत खपली गव्हाचा भाव आणि मान दोन्ही वाढले आहेत. शेजारच्याच पोत्यात लोकवन असतो. दोन्ही गहूच, दोन्हींची पोळी होते. पण सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर खपलीच्या पेशीत २८ गुणसूत्रे दिसतात आणि लोकवनच्या पेशीत ४२. ही जास्तीची १४ गुणसूत्रे आली कोठून, या प्रश्नामागे एका जपानी शास्त्रज्ञाने उमेदीची पंचवीस वर्षे घातली. त्यांचे नाव हितोशी किहारा.

किहारा यांचा जन्म २१ ऑक्टोबर १८९३ रोजी टोकियोत झाला. शिक्षण मात्र दूर उत्तरेला, होक्काइदो बेटावरील साप्पोरो येथे झाले. साप्पोरो हे बर्फाचे शहर. तेथे जडलेला स्कीइंगचा छंद त्यांनी जन्मभर सोडला नाही. पुढे १९६० आणि १९६४ च्या हिवाळी ऑलिम्पिकसाठी गेलेल्या जपानी पथकाचे नेतृत्वही त्यांच्याकडे आले. आनुवंशशास्त्रज्ञांच्या चरित्रात असा मजकूर सहसा सापडत नाही!

साप्पोरोमध्येच तेत्सु साकामुरा यांनी १९१८ मध्ये गव्हाच्या गुणसूत्रांची अचूक मोजदाद प्रसिद्ध केली. तोवर या संख्येबद्दल संशोधकांत एकमत नव्हते. साकामुरा यांनी दाखवून दिले, की गव्हाच्या जातींचे तीन गट पडतात. एकात १४ गुणसूत्रे, दुसऱ्यात २८ आणि तिसऱ्यात ४२. तिन्ही आकडे सातच्या पटीतले. साकामुरा लवकरच पुढील अभ्यासासाठी परदेशी गेले आणि त्यांनी तयार केलेले गव्हाचे संकर तरुण किहारांच्या हाती आले. १९२० मध्ये किहारा क्योतोच्या विद्यापीठात दाखल झाले आणि ते काम त्यांनी तेथे पुढे नेले.

हा संकर होता २८ गुणसूत्रांच्या आणि ४२ गुणसूत्रांच्या गव्हाचा. एका पालकाकडून १४ आणि दुसऱ्याकडून २१ गुणसूत्रे आल्याने या रोपाच्या पेशीत ३५ गुणसूत्रे होती. रोप वाढते, ओंबी धरते; अडचण येते ती परागकण आणि बीजांड तयार होताना. त्या वेळी प्रत्येक गुणसूत्र आपला जोडीदार शोधते, जोडी जमते आणि मग दोघे दोन दिशांना जातात. या वाटणीवरच पुढच्या पिढीचा हिशेब अवलंबून असतो. किहारांना दिसले, की ३५ पैकी २८ गुणसूत्रांच्या १४ जोड्या बिनबोभाट जमतात आणि सात गुणसूत्रे एकाकी राहतात. जोडीदार नसलेली ही सात गुणसूत्रे वाटेल तशी भरकटतात. कोणत्या परागकणात त्यांतली दोन जातील, कोणत्यात पाच आणि कोणत्यात एकही नाही, याचा काही नेम नसतो.

अशा रोपांची संतती पाहताना बहुतेकांनी ती बिघडलेली, अस्थिर म्हणून बाजूला ठेवली असती. किहारांनी ती पिढ्यानपिढ्या पेरली आणि प्रत्येक रोपाची गुणसूत्रे मोजली. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून एकेका पेशीतील हे सूक्ष्म दांडके मोजणे म्हणजे काय, याची कल्पना करणेही कठीण आहे. पण त्या आकड्यांतून एक विलक्षण गोष्ट पुढे आली. मधल्या संख्यांची रोपे दुबळी किंवा वांझ निघत आणि त्यांचा वंश टिकत नसे. जी टिकत, ती दोनच दिशांनी जात. काही वंशांत ती सात गुणसूत्रे एकेक करून गळून जात आणि रोप २८ वर येऊन स्थिरावे. काही वंशांत ती जोडीने पूर्ण होत जात आणि रोप ४२ वर स्थिरावे. सारांश, त्या सातांपैकी तीन-चार घेऊन संसार चालत नव्हता. एक तर सातही हवीत, नाहीतर एकही नको.

१९२४ मध्ये त्यांनी हे निष्कर्ष जर्मन भाषेत प्रसिद्ध केले. पुढे ते बर्लिनला कार्ल कॉरेन्स यांच्याकडे गेले. मेंडेलचे विस्मृतीत गेलेले नियम १९०० साली पुन्हा उजेडात आणणाऱ्या तिघांपैकी कॉरेन्स हे एक. दरम्यान १९२३ मध्ये एका सहकाऱ्यासह किहारांनी आणखी एक शोध लावला होता. आपल्या आंबट चुक्याच्या कुळातील एका वनस्पतीत नर आणि मादी झाडे वेगवेगळी असतात. त्यांच्यातील लिंगनिश्चिती करणारी गुणसूत्रे त्यांनी दाखवून दिली. एखाद्याची कीर्ती एवढ्यावरही झाली असती. किहारांच्या चरित्रात मात्र ती एक तळटीप ठरते.

गव्हाच्या त्या सात गुणसूत्रांनी त्यांना एका मूलभूत कल्पनेपर्यंत नेले. जीनोम हा शब्द जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ हान्स विंक्लर यांनी १९२० मध्ये घडवला होता. पण तो केवळ गुणसूत्रांच्या एका संचाचे नाव होता. १९३० मध्ये किहारांनी त्याला कार्याचा अर्थ दिला. जीनोम म्हणजे गुणसूत्रांचा असा संच, की ज्यातले एकही गेले तर सजीवाचे भागत नाही. आज वृत्तपत्रांतही सहज येणाऱ्या या शब्दामागे ३५ गुणसूत्रांच्या त्या वांझ, वेड्यावाकड्या गव्हाची रोपे उभी आहेत, हे फारसे कोणाला ठाऊक नसते.

आता गव्हाची कुळकथा मांडता येणार होती. १४ गुणसूत्रांच्या गव्हात ए नावाचा एकच जीनोम. खपली आणि बन्सी यांच्या गटात ए आणि बी. लोकवन, सरबती अशा पोळीच्या गव्हात ए, बी आणि डी. मधले सी कोठे गेले, असा प्रश्न वाचकाला पडेल. ते अक्षर किहारांनी एजिलॉप्स कॉडाटा या रानगवताला देऊन टाकले होते. एजिलॉप्स ही गव्हाची रानटी भावंडे. भूस्तरांचा अभ्यासक खडकांच्या थरांतून पृथ्वीचा इतिहास वाचतो, तसा किहारा गुणसूत्रांच्या जोड्यांतून वनस्पतींचा इतिहास वाचत होते. दोन जातींचा संकर करायचा आणि किती जोड्या जमतात ते पाहायचे. सात जमल्या, तर एक जीनोम समान. या कामात पोलंडच्या वनस्पतिशास्त्रज्ञ फ्लोरा लिलिएनफेल्ट यांची त्यांना अनेक वर्षे साथ मिळाली.

डी जीनोम गव्हात आणला कोणी, हा प्रश्न उरला. एजिलॉप्स सिलिंड्रिका या २८ गुणसूत्रांच्या गवताशी पोळीच्या गव्हाचा संकर केला, तर सात जोड्या जमत. म्हणजे डी त्या गवतात होता. पण त्यात सी जीनोमही होता, म्हणजे ते स्वतःच संकरातून जन्मले होते. मग किहारांनी वजाबाकी केली. सिलिंड्रिकाच्या अंगी असलेल्या लक्षणांतून कॉडाटाची लक्षणे काढून टाकली, की उरतील ती दुसऱ्या पालकाची. विशेषतः पिकलेली ओंबी कोठे आणि कशी तुटते, याकडे त्यांनी लक्ष दिले. उत्तर आले एजिलॉप्स स्क्वारोसा. आज त्याच गवताला एजिलॉप्स टॉशी म्हणतात. माणसाने कधी मुद्दाम न पेरलेले, गव्हाच्या शेतात तण म्हणून उगवणारे हे किरकोळ गवत!

हे वर्ष होते १९४४. जपान युद्धात होरपळत होता आणि हा शोध जपानी भाषेतील एका शेतीविषयक मासिकात प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी शत्रुराष्ट्र अमेरिकेत एडगर मॅकफॅडन आणि अर्नेस्ट सीअर्स याच उत्तरापाशी पोचले होते. त्यांनी रानटी खपलीच्या गटातील गव्हाचा स्क्वारोसाशी संकर करून, कोल्चिसिन या द्रव्याने गुणसूत्रे दुप्पट करून, ४२ गुणसूत्रांचा गहू तयारच केला. (हे द्रव्य आपल्या कळलावीतही असते.) दोन्ही बाजूंना एकमेकांची खबर नव्हती. श्रेय कोणाचे, हा वाद येथे निरर्थक आहे. दोन वेगळ्या वाटांनी एकच उत्तर यावे, यापेक्षा मोठा पुरावा तो कोणता?

किहारा आणि लिलिएनफेल्ट यांनी नंतर आणखी एक गोष्ट दाखवली. असा संकर प्रथम २१ एकाकी गुणसूत्रांचा असतो, एकाचीही धड जोडी जमत नाही, म्हणून तो वांझच असायला हवा. पण कधी कधी परागकण आणि बीजांड बनताना गुणसूत्रांची वाटणीच होत नाही, सगळीच्या सगळी पुढे जातात. असे दोघे भेटले, की प्रत्येक गुणसूत्राला जुळा जोडीदार मिळतो आणि वांझ संकर एका फटक्यात स्थिर जात होतो. कोणत्याही औषधाशिवाय हे घडते. सुमारे आठ-दहा हजार वर्षांपूर्वी एखाद्या शेतात नेमके हेच घडले असले पाहिजे.

ते शेत कोठले, हे पाहण्यासाठी १९५५ मध्ये, वयाच्या ६१ व्या वर्षी, किहारा क्योतो विद्यापीठाच्या काराकोरम-हिंदुकुश मोहिमेचे प्रमुख म्हणून निघाले. पाकिस्तान, अफगाणिस्तान आणि इराण असा प्रवास करत त्यांच्या पथकाने कॅस्पियन समुद्राच्या परिसरापर्यंत या गवताचे नमुने गोळा केले. पुढे जनुकांच्या पातळीवर झालेल्या अभ्यासांनीही कॅस्पियनच्या नैर्ऋत्य किनाऱ्याकडेच बोट दाखवले आहे.

याच अस्थिरतेचा किहारांनी उपयोगही करून घेतला. कलिंगडाच्या गुणसूत्रांचे तीन संच एकत्र आणले, तर जोड्या विस्कटतात आणि बी धरत नाही. गव्हात जो दोष, तोच कलिंगडात गुण ठरला. १९५१ मध्ये त्यांनी या बिनबियांच्या कलिंगडाची माहिती इंग्रजीतून जगापुढे मांडली. त्याच वर्षी गव्हाचे केंद्रक रानगवताच्या पेशीद्रव्यात आणल्यास परागकण निष्फळ होतात, हेही त्यांनी दाखवले. संकरित गव्हाच्या प्रयत्नांची ती सुरुवात होती.

त्यांच्या पद्धतीला एक मर्यादा होती, हेही सांगितले पाहिजे. जोडी जमली नाही म्हणजे नाते नाही, असे त्यांनी धरले होते. १९५८ मध्ये इंग्लंडमध्ये रायली आणि चॅपमन यांनी, तर अमेरिकेत सीअर्स आणि ओकामोतो यांनी दाखवून दिले, की गव्हाच्या ५बी या गुणसूत्रावर एक पहारेकरी बसलेला आहे. ए, बी आणि डी हे तिन्ही संच खरे तर चुलतभाऊ आहेत. हा पहारेकरी त्यांना आपसात जुळू देत नाही, म्हणून ४२ गुणसूत्रांचा एवढा पसारा पिढ्यानपिढ्या शिस्तीत चालतो. डी बाबतचा किहारांचा निष्कर्ष अबाधित राहिला, २०१८ मध्ये गव्हाच्या संपूर्ण जीनोमचे वाचन झाल्यावरही. बी कोणी दिला, हे मात्र त्यांना निश्चित करता आले नाही. त्याचे सर्वांत जवळचे हयात नातेवाईक एजिलॉप्स स्पेल्टॉइड्स मानले जाते. प्रत्यक्ष दाता बहुधा नामशेष झाला असावा.

१९४८ मध्ये त्यांना जपानचा संस्कृती सन्मान मिळाला आणि १९५५ ते १९६९ या काळात मिशिमा येथील राष्ट्रीय आनुवंशशास्त्र संस्थेचे ते संचालक होते. १९८३ मध्ये क्योतोला आंतरराष्ट्रीय गहू-आनुवंशशास्त्र परिषद भरली, तेव्हा नव्वदीच्या उंबरठ्यावरील किहारांनी निबंध मांडला तो दारुमा या जुन्या जपानी गव्हावर. दारुमा म्हणजे आपला बोधिधर्म. या बुटक्या गव्हापासून नोरिन १० हे वाण तयार झाले, ते अमेरिकेमार्गे मेक्सिकोत बोरलॉग यांच्याकडे पोचले आणि तेथून त्याच्या वंशातील १८ हजार टन बियाणे १९६६ मध्ये भारतात आले. गव्हाचे ताठ बुटके खोड घडवणारी दोन जनुके नोरिन १० मध्ये होती. त्यांतले एक डी जीनोमच्या चौथ्या गुणसूत्रावर, म्हणजे त्या कॅस्पियनकाठच्या गवताकडून आलेल्या सातांपैकी एकावर आहे.

२७ जुलै १९८६ रोजी, वयाच्या ९२ व्या वर्षी किहारा यांचे निधन झाले.