टिळकांनी तालमीला दिलेले वर्ष

1873 मध्ये बाळ गंगाधर टिळक पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आले, तेव्हा प्रकृतीने अगदी किरकोळ होते. लग्न झालेले होते आणि पत्नी त्यांच्यापेक्षा धट्टीकट्टी, म्हणून सोबती थट्टा करीत. आदल्याच वर्षी वडील वारले होते. अशा वेळी हुशार मुलगा पुस्तकात डोके घालतो. टिळकांनी पहिले वर्ष तालमीला दिले. जोर-बैठका, कुस्ती, नदीत पोहणे, नाव वल्हवणे असा रोजचा क्रम होता. वर्षअखेर ते परीक्षेत नापास झाले. शरीर मात्र कमावलेले होते.

वर्षभराचा हा हिशेब शास्त्राला धरूनच होता. व्यायामाच्या सुरुवातीच्या आठवड्यांत ताकद वाढते ती मुख्यतः मज्जातंतू स्नायूंना अधिक चांगले कामाला लावतात म्हणून. स्नायू भरायला महिने लागतात. आरशात पाहणारा तोवर कंटाळतो. टिळकांना आरशाशी कर्तव्य नव्हते, पुढे अंगावर पडणारे काम झेपायला हवे होते. औषधांवर विसंबणाऱ्या एका सोबत्याच्या बाटल्या त्यांनी फेकून दिल्या, असेही सांगतात. हा उपाय मात्र कोणी करू नये.

कमावलेले शरीर आयुष्यभर आपोआप टिकत नाही. पुढे संपादकाची बैठी कामे, खटले, जागरणे आली. 1897 च्या राजद्रोहाच्या शिक्षेत तुरुंगाच्या अन्नाने वजन बरेच उतरले. मधुमेहही जडला. जेवणानंतर रक्तातली साखर सर्वात जास्त शोषून घेतात ते स्नायूच. पण तालीम केलेल्याला हा आजार होतच नाही, असे नाही.

1908 मध्ये बावन्नाव्या वर्षी त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि मंडालेला नेण्यात आले. तिथला उन्हाळा भाजून काढणारा, सोबतीला मधुमेह. खाण्याचे पथ्य त्यांनी काटेकोर पाळले. 1910-11 च्या हिवाळ्यात पाचेक महिन्यांत ‘गीतारहस्य’ पेन्सिलीने लिहून काढले. 1912 मध्ये पत्नी गेल्याची बातमी तुरुंगातच कळली. हे सारे केवळ शरीराच्या बळावर सोसले असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. पण खचलेल्या शरीराने ते सोसवले नसते.

1914 च्या जूनमध्ये सुटले तेव्हा ते अठ्ठावन्नाव्या वर्षात होते. दोनच वर्षांत होमरूलसाठी गावोगाव सभा घेत फिरू लागले.